शेवटचा पाना

आमच्या ह्यांना बाजारात खऱ्या नावाने कोणी ओळखत नाही. नाव विचारत आलात तर भटकत बसाल, पण ‘भिंगरीचं गॅरेज’ म्हणालात की टायरवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळे एकाच दिशेला बोट दाखवतात. नाव कोणी ठेवलं देव जाणे, पण चपखल ठेवलं. हा माणूस एका जागी बसलेला मी फक्त लग्नाच्या फोटोत पाहिलाय. त्यातही पाय हललेला आहे.

घरात एकाही स्क्रूला सुख नाही. कुकरचं हँडल, दाराच्या बिजागऱ्या, माझ्या शिलाई मशीनचं पायडल, जे हाती लागेल ते आवळायचं. पाहुणा खुर्चीत जरा कलला, की हे घास टाकून त्याच्या पायाशी उकिडवे बसणार. पाहुण्याला वाटतं केवढा हा मान, आणि हे खाली वाकून खुर्चीचा पाय चाचपत असतात. लग्न झालं तेव्हा मला याचं कौतुक वाटायचं. आता मी स्क्रूड्रायव्हर पिठाच्या डब्यामागे लपवून ठेवते.

आधी हे एका मोठ्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये होते. तिथे कामं वाटून दिलेली. तेल बदलणाऱ्याने ब्रेककडे बघायचं नाही, ब्रेकवाल्याने तेलाकडे. आमचे हे स्वतःचं काम उरकून दुसऱ्याच्या गाडीखाली शिरायचे. साहेबांनी समज दिली, मग जरा चढ्या आवाजात दिली. ह्यांचं म्हणणं एकच, गाडी माझ्या समोरून बाहेर जाते, तिचं चाक निघालं तर मी झोपू कसा? शेवटी साहेब आणि हे दोघेही एकमेकांना कंटाळले आणि ह्यांनी नोकरी सोडली.

लाकडाच्या वखारीमागे पत्र्याची शेड मिळाली. एक गाडी आत, दुसरी आली तर तिचं अर्धं अंग रस्त्यावर. फोन घ्यायला मी, सुटे भाग आणायला मी, ‘संध्याकाळी नक्की देतो’ असं गिऱ्हाइकाला तोंडावर खोटं सांगायलाही मीच. ह्यांना खोटं बोलता येत नाही. गिऱ्हाइकाने विचारलं की हे खरंच सांगत बसायचे, गिअरबॉक्स अजून जमिनीवर उघडा पडलाय म्हणून. पण काम असं की गेलेला माणूस पुढच्या वेळी भावाला घेऊन यायचा, भाऊ सासऱ्यांना. कामाला माणसं ठेवणं भाग पडलं. ब्रेक आणि इंजिनाला एक वयस्कर मिस्त्री आले, विजेच्या कामाला वायरमन आला, मग गाडी वर उचलायची लिफ्ट बसली. आणि आमची मुलगी शाळेच्या दप्तरासकट तिथेच वाढली. टायरवर बसून पाढे म्हणायची. पुढे रीतसर शिक्षण घेऊन, हातात कागद घेऊन ती परत गॅरेजलाच आली. मी म्हटलं, चला, एका घरात एक भिंगरी कमी पडत होती.

माणसं आली, पण ह्यांचा स्वभाव कुठे जाणार? काम कोणीही करो, गाडी बाहेर काढण्याआधी हे मोठा पाना घेऊन तिच्याभोवती फिरायचे. चाकांचा एकेक नट, बॅटरीचं टर्मिनल, तेलाच्या टाकीखालचा बोल्ट, सगळ्यांवर स्वतः जोर द्यायचा. त्याशिवाय किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात पडायची नाही. गॅरेजमध्ये त्याला ‘शेवटचा पाना’ म्हणत. ‘शेवटचा पाना झाला का?’ असं कोणी विचारलं की समजायचं, गाडी तयार आहे आणि शेठची वाट बघतेय.

रात्री जेवताना मला अहवाल मिळायचा. “आज अमक्या गाडीचे दोन नट ढिले निघाले. मिस्त्रींच्या हातचे! मी नसतो तर?” दुसऱ्या दिवशी वायरमनच्या हातचं टर्मिनल ढिलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा चाक. हे सांगताना चेहऱ्यावर काळजी असायची, पण खोटं कशाला बोलू, थोडा तोराही असायचा. मी म्हणायची, “अहो, मग माणसं बदला.” तर म्हणायचे, “माणसं चांगली आहेत गं. लक्ष नसतं.” आणि दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधी गॅरेजला.

यात गंमत अशी झाली, की गॅरेजचं काम वाढलं पण गॅरेज काही वाढेना. तिघं मिळून चार गाड्या तयार करायचे आणि चारही गाड्या रांगेत उभ्या, का, तर शेठ एकीच्या खाली आहेत. गिऱ्हाइकं घड्याळ बघत येरझाऱ्या घालायची आणि मी त्यांना चहा पाजायची. त्या चहापायी मला कधी वेड लागेल असं वाटायचं. काही गिऱ्हाइकं चहा पिऊन गेली ती परत आलीच नाहीत.

मग हमरस्त्यावर एक जागा भाड्याने निघाली. उंच छप्पर, समोर गाड्या लावायला मोकळं आवार. मुलगी बघून आली आणि त्या दिवसापासून तिच्या तोंडात दुसरा विषय नाही. ती चालवणार, तिकडे नव्या गाड्यांचं काम घेणार, इकडे बाबा आणि मिस्त्री. मला तर ऐकूनच हायसं वाटलं. ह्यांनीही जागा पाहिली, भिंती ठोकून पाहिल्या, नाक मुरडायला जागाच सापडेना. तरी म्हणाले, “जागा उत्तम आहे. पण तिकडे शेवटचं बघणार कोण?”

“मी,” मुलगी म्हणाली.

“तुला अजून अवकाश आहे.”

“बाबा, तुम्ही माझ्या वयाचे होतात तेव्हा नोकरी सोडून शेड घेतली होतीत.”

“म्हणूनच सांगतोय.”

ती बापाचीच लेक. आवाज न चढवता म्हणाली, “ठीक आहे. मला दुसऱ्या शहरातून बोलावणं आलंय, मोठं वर्कशॉप आहे. जागा घेतलीत तर मी इथे. नाहीतर महिन्याअखेरीस मी जाते.” आणि ताट उचलून निघून गेली. त्या रात्री ह्यांनी घरातले सगळे नळ तपासले.

माझी झोप उडाली ती वेगळ्याच कारणाने. पोर गेली असती. नुसती दुसऱ्या शहरात नाही, मनातूनही गेली असती, आणि या माणसाला ते कळलंही नसतं. मी बरेच दिवस मागे लागले. कधी गोडीत, कधी भांडून. शेवटी हे म्हणाले, “बरं, जागेच्या मालकाशी बोलून तर येऊ.” एवढं म्हणायला ह्यांना किती कष्ट पडले ते मी पाहिलंय.

जायचं ठरलं त्या दिवशी आमची स्वतःची जुनी गाडी मुलीने कामाला घेतली होती. पुढचे टायर जास्त झिजले होते, म्हणून पुढची चाकं मागे आणि मागची पुढे करायची होती. ते उरकून ती सुटे भाग आणायला बाजारात गेली. आम्ही निघणार होतो दुपारनंतर, पण जागेच्या मालकाचा फोन आला. दुसरं एक गिऱ्हाईक जागा बघायला येतंय, बोलायचं असेल तर लगेच या.

मी पर्स घेऊन धावले. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला. सवयीने मोठा पाना उचलला आणि गाडीच्या पुढच्या चाकाशी वाकले. मग काय मनात आलं कोण जाणे, पाना परत बाकावर ठेवला. हात पुसले. म्हणाले, “पोरीने केलंय ना? मग झालं.”

इतक्या वर्षांच्या संसारात मी हे वाक्य कोणाच्याही बाबतीत ऐकलं नव्हतं. गाडीत बसल्यावर हे स्वतःवरच इतके खूष होते, की पहिल्यांदा रेडिओ लावला. मी खिडकीबाहेर बघत होते, डोळे भरून आले होते म्हणून. वाटलं, सुटलो एकदाचे. तिघंही सुटलो.

शहर मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, ह्यांनी वेग घेतला. आणि ह्यांचा हात रेडिओकडे गेला. बंद. “काहीतरी वाजतंय.”

“अहो, तुम्हाला नेहमीच काहीतरी वाजतं. गप्प चला.”

“नाही गं, स्टिअरिंग थरथरतंय.”

पुढच्या क्षणी मलाही जाणवलं. सीटखालून आधी खडखड, मग गाडी एखाद्या झिंगलेल्या माणसासारखी डुलायला लागली. मागून एक ट्रक हॉर्न वाजवत अंगावर येत होता. ह्यांनी ब्रेक जोरात दाबला नाही, तेवढं डोकं शाबूत होतं. हळूहळू वेग सोडत गाडी कडेला आणली. ट्रक आमच्या आरशाला घासून गेला की काय असं वाटावं इतक्या जवळून गेला.

हे उतरले. मीही उतरले. पुढचं चाक तिरकं उभं होतं. दोन नट गायब, नट ज्यावर बसतो तो एक स्टड मोडलेला, आणि उरलेले नट ह्यांनी बोटांनी फिरवले तर फिरले. पाना न लावता, नुसत्या बोटांनी! मग दुसरं चाक बघितलं. तिसरं. चौथं. चारही चाकं तशीच. हे रस्त्याच्या कडेला, इस्त्रीच्या शर्टासकट, धुळीत बसले. आणि हलेनात. ह्यांना असं स्थिर बसलेलं बघून मला त्या ट्रकपेक्षाही जास्त भीती वाटली.

डिकीतला पाना काढून, दुसऱ्या चाकांचे एकेक नट उसने घेऊन आम्ही गोगलगायीच्या गतीने गॅरेजला परत आलो. जागेच्या मालकाला मी फोन करून गळ घातली, संध्याकाळपर्यंत थांबा म्हणून. मला वाटलं, संपलं. जागाही गेली, पोरही गेली.

मुलगी बाजारातून आली होती. ह्यांनी विचारलं, “चाकं कोणी लावली?”

“मी.”

“आवळली का नाहीस?”

ती गोंधळली. राग नाही, भीती नाही, नुसती गोंधळली. “मी कशाला आवळू? आवळता तुम्ही ना?” मग तिची नजर मोडक्या स्टडवर गेली, माझ्या चेहऱ्यावर गेली, आणि तिचा रंगच उडाला. “बाबा, तुम्ही पाना नाही फिरवलात? आई बसली होती गाडीत? तुम्ही पाना न फिरवता गेलात?”

“तू केलं होतंस, म्हणून नाही फिरवला.”

तिने तोंडावर हात ठेवला. बाकाला टेकली आणि हमसून हमसून रडायला लागली. हे तिच्याकडे बघत उभे.

लिफ्टखालून मिस्त्री बाहेर आले. चिंध्यांनी हात पुसत म्हणाले, “शेठ, पोरीला बोलू नका. इथे सगळे तसंच करतात.”

“तसंच म्हणजे कसं?”

“नट हाताने बसवायचे, पान्याने जरा टेकवायचे, सोडून द्यायचे. शेवटचा पाना तुमचा.”

“कोणी सांगितलं असं करायला?”

“सांगितलं कोणी नाही,” मिस्त्री म्हणाले. “सुरुवातीला मी पूर्ण आवळायचो. वरून तुम्ही येऊन आणखी जोर द्यायचात. बोल्ट तुटायचे, आटे जायचे, आणि तुम्ही मलाच ओरडायचात, इतकं आवळतात का म्हणून. मग मी थोडं कमी आवळायला लागलो. तुम्ही बोलायचे थांबलात. वायरमन आला, त्याला मी तेच सांगितलं. पोर तर आमच्यात बघत बघतच शिकली.”

“म्हणजे मला रोज ढिले नट सापडायचे, ते...”

“ते तुमच्यासाठीच ठेवलेले असायचे, शेठ.”

माझ्या डोळ्यांसमोर ते सगळे रात्रीचे अहवाल उभे राहिले. मी नसतो तर, मी नसतो तर. हसावं की रडावं कळेना. हा माणूस वर्षानुवर्षं माणसांवर नजर ठेवून होता आणि माणसं त्याच्या नजरेच्या भरवशावर निवांत होती. गाड्या रांगेत उभ्या राहायच्या, गिऱ्हाइकं तुटायची आणि मी चहा पाजत बसायची, ते यासाठी! मला इतका राग आला की तो कोणावर काढावा हे ठरवता येईना, म्हणून मी जवळ पडलेल्या रिकाम्या डब्याला लाथ मारली.

हे बाकावर बसले. मग मुलीला म्हणाले, “नवा स्टड टाक. चारही चाकं परत लाव.”

तिने डोळे पुसले आणि कामाला लागली. हे जवळ गेले नाहीत. मिस्त्रींनी कपाटातून एक दुसराच पाना काढून दिला, ठरलेला जोर लागला की ‘टक्’ वाजणारा. हौसेने आणला होता आणि शेवटच्या पान्याच्या राज्यात त्याला कधी कोणी विचारलं नव्हतं. टक्, टक्, टक्. प्रत्येक नटावर तिने पिवळ्या रंगाची रेघ ओढली, म्हणजे हा झाला. सगळं झाल्यावर तिने मोठा पाना ह्यांच्यापुढे धरला. “बघून घ्या, बाबा.”

ह्यांनी पाना घेतला. गाडीकडे दोन पावलं टाकली. गाडीत मला बसायचं होतं, सकाळचा ट्रक अजून डोळ्यांपुढून हलत नव्हता. मनातून मला वाटत होतं, फिरवा एकदा, कोणी काही म्हणणार नाही, फिरवून टाका. ह्यांच्या कपाळावर घाम होता.

“तू आवळलेस?” ह्यांनी विचारलं.

“हो.”

“सगळे?”

“सगळे.”

ह्यांनी पाना मिस्त्रींच्या हातात दिला. मला म्हणाले, “बस गं गाडीत. आणि तू पण चल,” हे मुलीला. रस्ताभर हे मागच्या सीटवर, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. गाडी पोरगी चालवत होती. मीही काही कमी नव्हते, प्रत्येक खड्ड्याला दाराचं हँडल धरत होते. चाकं जागच्या जागी राहिली.

जागेचा मालक बेरकी माणूस. विचारलं, “करार कोणाच्या नावाने?”

“हिच्या,” हे म्हणाले.

“आणि तुम्ही अधूनमधून लक्ष द्याल ना? पोर लहान आहे.”

“नाही. मी इकडे येणार नाही. हिने बोलावल्याशिवाय पाय ठेवणार नाही.”

मुलीने वळून बापाकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं, कारण मला तिथे, त्या परक्या माणसासमोर, रडायचं नव्हतं.

शब्द दिला खरा, पण पाळताना ह्यांची जी काही दशा झाली ती मीच जाणे. जुन्या गॅरेजमध्ये नवा नियम लागला, ज्याने लावलं त्यानेच आवळायचं आणि रेघ ओढायची. पहिले काही दिवस हे पाना घेऊन गाडीपर्यंत जायचे आणि मिस्त्री नुसतं खाकरायचे. मग हे परत फिरायचे. गाड्या वेळेवर जायला लागल्या, माझा चहा वाचला, आणि हे रिकाम्या हातांनी काय करावं न कळून कपाटं लावत बसले. एकच कपाट किती वेळा लावावं माणसाने? घरी तर विचारूच नका. फिरायला म्हणून निघायचे आणि हमरस्त्याच्या अलीकडच्या वळणापर्यंत जाऊन यायचे. तिथून नव्या जागेचं छप्पर दिसतं. मी विचारलं की म्हणायचे, “पाय मोकळे करायला गेलो होतो.” पाय इतके मोकळे झालेले, की बुटांचे तळ झिजले. पण त्या वळणापलीकडे हे गेले नाहीत. मुलगी घरी आली की मी तिला कामाचं विचारायची आणि हे पेपरमागून कान देऊन ऐकायचे.

नव्या जागेचं बस्तान बसलं. दोन माणसं लागली, मग तिसरं. एक दिवस दुपारी मुलीचा फोन आला. तिचा ब्रेकचं काम करणारा आजारी पडला होता, एका बाईंची गाडी लिफ्टवर उघडी होती आणि त्यांना लेकरांना घेऊन लांबच्या गावी निघायचं होतं. “बाबांना पाठवशील? घाई आहे.”

मी निरोप दिला तेव्हा हे जेवत होते. हात कधी धुतला ते मला दिसलंही नाही.

संध्याकाळी परत आले तेव्हा चेहरा उतरलेला. मला वाटलं, पोरीशी वाजलं. पाणी दिलं. ग्लास हातात धरून बसले, प्यायले नाहीत.

“काय झालं? काम नाही झालं?”

“झालं. मागची दोन्ही चाकं काढली, ब्रेक बसवले, चाकं लावली.”

“मग?”

“मी लावून बाजूला झालो. वाटलं, आता ती येईल, बघेल. ती आली, बाईंना किल्ली दिली. बाई लेकरं घेऊन गेल्यासुद्धा.” ह्यांचा आवाज चमत्कारिक झाला. “तिने चाकाकडे पाहिलंही नाही गं. मी म्हातारा झालोय. माझा हात चुकू शकतो. बघायला नको?”

इतक्या वर्षांत हा माणूस स्वतः चुकू शकतो, हे त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते. ह्यांनी फोन उचलला आणि मुलीला लावला. आवाज मोठा ठेवायची सवय आहे, त्यामुळे तिकडचं मलाही ऐकू येत होतं. मागे कुठलंतरी इंजिन चालू होतं.

“अगं, त्या गाडीचे नट तू बघितले होतेस का?”

“नाही. का?”

“सहज.”

“बाबा, तुम्ही आवळले होतेत ना?”

“हो.”

“मग?”

हे फोन कानाशी तसाच धरून बसून राहिले. तिकडून ती दोनदा “बाबा? बाबा?” म्हणाली, मग कोणीतरी तिला हाक मारली आणि ती कामाला गेली.